दुसऱ्या मजल्यावरच्या बाई

त्या वर्षांत मी टोरांटोजवळच्या एका बेकरीच्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. आठवडाभर बेल्टसमोर उभं राहून शनिवारपर्यंत पाय इतके सुजायचे, की बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागायच्या. आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की घरी न जाता मी वृद्धाश्रमात जायचे. ज्यांना चर्चला येता येत नाही अशा म्हाताऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीचा प्रसाद, छोट्या डबीतून नेऊन द्यायचं, ही आमच्या चर्चची सेवा. फादरांनी एकदा विचारलं, मी हो म्हटलं, आणि नंतर दुसरं कुणी मिळेना म्हणून ती माझ्याकडेच राहिली. नवरा गाडीतून सोडायचा आणि पार्किंगमध्ये सीट मागे करून झोपायचा. एकदा म्हणाला, "देवानंसुद्धा सातव्या दिवशी आराम केला. तू कधी करणार?"

मी गाडीचं दार लावून आत गेले. 

तिथल्या एका फिलिपिनो नर्सनं मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. दुसऱ्या मजल्यावर एक भारतीय बाई आहे, म्हणाली, पूर्वी छान इंग्रजी बोलायची, आता सगळं विसरली. काय मागते ते आम्हाला कळत नाही, जरा ऐकून बघतेस का? मला वाटलं, पंजाबी किंवा गुजराती असेल, आपल्याला काय कळणार. तरी गेले.

खिडकीशी व्हीलचेअरमध्ये एक बारीकशी बाई बसली होती. अंगावर स्वेटर, त्यावर शाल. मला बघून म्हणाली, "काय करून राहिली तू तिथे? आत ये. दार लाव, वारा येते."

नागपूरकडची मराठी. मी वसईची, तरी शब्दन्शब्द कळला. माझी मुलं घरी इंग्रजीत उत्तर द्यायची, फॅक्टरीत हिंदी. इथे एक परकी बाई मला दार लावायला सांगत होती, आपल्या घरातल्यासारखी.

त्या पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, हे नर्सकडून कळलं. एकुलता एक मुलगा दूर पश्चिमेकडे, सस्काटूनला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. आधी तो इकडेच होता, ऑफिसनं तिकडे पाठवलं. तिकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळेपर्यंत आईला इथेच ठेवणं भाग होतं.

मी त्यांना बाई म्हणायला लागले. कम्युनियन देऊन झालं की त्यांच्याजवळ बसायचं, हे ठरूनच गेलं. मी कोण, हे त्यांना एकदाही आठवलं नाही. "कुठची आहे तू?" "वसईची, बाई." "जेवली काय?" "जेवले." मग, "माझी मुलगी केव्हा येते?" त्यांना मुलगी नव्हती. पहिल्यांदा मी तसं सांगितलं तेव्हा त्या इतक्या रडल्या, की पुढे मी "येईल" म्हणायला लागले. तेच प्रश्न, तीच उत्तरं. कधी हात झटकायच्या, कधी मला मोलकरीण समजून खोली झाडायला सांगायच्या. तिथून बाहेर पडताना मला पुण्य केल्यासारखं कधी वाटलं नाही. फक्त कंबर दुखत असायची.

हिवाळा संपत आला तेव्हा मी फादरांकडे गेले. ते पोलंडचे, वयस्कर. म्हटलं, "फादर, मी थकलेय. प्रार्थनेला बसते, पण आत काहीच होत नाही. सेवा करते तीही कामावर हजेरीचं कार्ड पंच केल्यासारखी."

ते काहीतरी समजावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी किटली लावली. "माझंही बरेच दिवस तसंच चाललंय," ते म्हणाले. "बस. चहा घे." आम्ही चहा प्यायलो. शेवटी म्हणाले, "थोडे दिवस जाऊ नकोस. मी बघतो."

काही रविवार मी घरी राहिले. दुपारी झोपले, दारातलं बर्फ फावड्यानं उपसलं, मुलांना पोळ्या करून घातल्या. बरं वाटलं.

मग नर्सचा फोन आला. बाईंनी खाणं सोडलं होतं. मुलाला कळवलं होतं, पण वादळामुळे तिकडची विमानं अडकली होती. "तू नुसती येऊन बोललीस तरी चालेल," ती म्हणाली.

मी मऊ वरणभात केला, तूप घातलं, आणि गेले. बाई पलंगावर होत्या, अजून लहान झाल्यासारख्या. चमचा ओठाशी नेला तर तोंड फिरवलं. मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी एक घास घेतला, चघळला.

"मीठ कमी आहे."

"हो बाई."

आणखी दोन-तीन घास गेले. मग डोळे मिटून म्हणाल्या, "देवाचं काही म्हण."

"मला तुमचं येत नाही, बाई. मी किरिस्ताव आहे."

"मराठीत आहे ना? मग म्हण."

मी लहानपणापासूनची प्रार्थना हळू आवाजात म्हटली. त्यांनी मध्येच थांबवलं. "'ण' नीट म्हण. जीभ वर ने." मी पुन्हा म्हटली. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

मुलगा दोन दिवसांनी पोहोचला. मी कामावरून थेट तिथे गेले, तर तो कॉरिडॉरमध्येच उभा होता. कोट अंगात, दाढी वाढलेली. आधी आभार मानले. मग अडखळत म्हणाला, "नर्स म्हणाली, तुम्ही आईबरोबर प्रार्थना करता. म्हणजे... चर्चतर्फे का?"

त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं. राग आला, पण रागवायला अंगात त्राण नव्हतं. "त्यांनी म्हणायला सांगितली म्हणून म्हटली," मी म्हणाले. "तुम्हाला नको असेल तर नाही म्हणणार. जेवण तरी भरवू द्या."

तो भिंतीला टेकला.  "ती संध्याकाळी दिवा लावून बरंच काही म्हणायची," तो म्हणाला. "मी विमानात आठवून बघत होतो. मला एकही ओळ पूर्ण येत नाही." मग बाजूला झाला. "जा तुम्ही आत. तुमचं ऐकते तरी ती."

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला तिकडे जागा मिळाली आणि तो बाईंना घेऊन गेला. निघताना त्या मला म्हणाल्या, "कोण गं तू? जेवली काय?"

रविवारची सेवा मी पुन्हा करतच होते. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. आई गेली, झोपेतच. मी विचारलं, "आमच्याकडे त्यांच्या नावानं मिस्सा सांगितली तर चालेल का?"

"सांगा," तो म्हणाला. "कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं."

त्या रविवारी फादरांनी बाईंचं नाव वाचलं, दोनदा अडखळून. आदल्या दिवशी मी ओव्हरटाइम केला होता. नाव ऐकलं, क्रूसाची खूण केली, आणि पुढचं काही मला आठवत नाही, कारण मला झोप लागली. नवऱ्यानं उठवलं नाही. चर्च रिकामं झाल्यावर खांद्याला हात लावला आणि कम्युनियनची डबी स्वतःच्या हातात घेतली. "चल," म्हणाला, "आज वृद्धाश्रमात मीही वर येतो."