हाती आठ, असणार नऊ

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला माझ्या वन्सं आठवतात. मास्कच्या घडीला त्याचा एक थेंब लावूनच त्या घराबाहेर पडत. जगात जे दिसत नाही त्यावरच त्यांची श्रद्धा. देव तेवढा अपवाद. न सापडलेल्या रुग्णांचा अंदाज बांधणे हा त्यांचा व्यवसाय, आणि तो त्या सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्येही चालवत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या याद्या मी आणि माझ्या लेकीने वेगवेगळ्या करायच्या. दोन्हींत सारखी नावे कमी निघाली, की "अगं, दोघींच्याही नजरेतून सुटलेल्या पुष्कळ आहेत," म्हणत वन्सं शिऱ्यात वाटीभर रवा वाढवत. "आत्या, जस्ट आस्क देम ला!" लेक वैतागे. इतक्यात बाळांना निजवायला गेलेल्या तिघी बेडरूममधून बाहेर येत.

एकदा आमच्या वस्तीत क्षयाचे रुग्ण निघाले. शोधपथकाला सहा सापडले, दवाखान्यांना सहा. त्यांत चार तेच. दवाखान्यांच्या सहांपैकी पथकाला चारच दिसले होते. म्हणजे पथकाला तिघांतले दोघेच दिसतात. मग पथकाचे सहा, तर एकूण नऊ. हाती मात्र आठ. वन्संचे साहेब म्हणाले, "तो नववा तुमच्या सूत्रात राहतो, सिंगापुरात नव्हे."

"सूत्र खोकत नाही, सर," वन्सं म्हणाल्या, आणि मला घेऊन पुन्हा आठही घरे चढल्या.

आठही जण एकाच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या सामायिक टेबलांवर, न्याहारी करत. तिथे टिश्यूचे पाकीट ठेवले की जागा आपली. शेजारच्याचे नाव कुणी विचारत नाही. "तुमच्या टेबलाशी रोज कोण येतं?" वन्सं विचारत. "कुणी नाही," प्रत्येकाचे उत्तर.

आठव्या दारात त्या थबकल्या. "मग बशा कोण उचलतं?"

नूडल्सच्या वाफेत, ओल्या फडक्याच्या आंबूस वासात आम्हांला बशा उचलणारी आँटी दिसली. गिऱ्हाइकांना किळस येऊ नये म्हणून खांबाआड जाऊन खोकणारी, खांद्याची हाडे वर आलेली. तपासणीत क्षयच निघाला. "अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि वन्संनी चष्मा काढून उगाचच पुसला.

परतताना मी सुटकेने विचारले, "आता कुणी उरलं नाही ना?"

वन्संनी हॉकर सेंटरच्या भरलेल्या टेबलांकडे वळून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "असेल."