जोड्याखालचा अंगठा

माझ्या मायचा अंगठा पटवाऱ्यानं जोड्यानं दाबला. चावडीसमोर, भर उन्हात. मी तिचं लुगडं धरून बाजूलेच उभी होती.

तो वर ओट्यावर, आमी खाली धुळीत. म्हारवाड्यातल्या मानसानं ओट्याची पायरी चढायची नाही. त्यानं वरूनच कागद फेकला, तो मायच्या पायापाशी येऊन पडला. मंग शाईत बुडवलेली काडी फेकली. मायनं काडी उचलली, अंगठ्यावर शाई घासली, गुडघे टेकले अन् कागदावर अंगठा ठेवला. पटवारी वाकून पाह्यला. "उमटला नाही. दाब." मायनं दाबला. "आजून दाब." पुन्हा दाबला. हात धरून दाबाव तं त्याले इटाळ होते. मंग तो खाली उतरला, जोड्याचं टोक मायच्या अंगठ्यावर ठेवलं अन् जोर देल्ला.

ओट्यावर देशमुखाची मानसं बसली होती. ते हसले. जोडा उचलला तवा तिनं मान वर केली अन् इचारलं, "मालक, उमटला का आता?"

तो जोडा मी इसरली नाही. पन जोड्यापरीस मले मायच्या त्या शब्दायची चीड येते. आजबी येते. मारनाऱ्यालेच इचारते, बरोबर लागला का म्हनून!

त्या दिवशी माय खुशीत होती, हेबी सांगतलं पायजे. धुतलेलं लुगडं नेसून गेली होती. ओढ्याकाठी आमचं शेत होतं. आज्यानं पळसाचं रान तोडून, मुळं खांदून केलेलं. पट्टा, म्हंजे शेताचा सरकारी कागद, आज्याच्या नावानं. आजा मेला, मंग माझा बापबी मेला. राह्यले बापाचा मोठा भाऊ म्हंजे मोठा बा, धाकटा काका अन् माय. तिघायची वाटनी तोंडची. या दगडापासून त्या पळसापर्यंत तुझं, तिथून ओढ्यापर्यंत तिचं. कागदावर काहीच नाही. मेल्याच्या मागं वारसायचं नाव लावायचं असते, त्याले निजामाच्या कचेरीत विरासत म्हनत. पन ते आमाले कोन सांगनार?

पटवाऱ्यानंच सांगतलं. मायले एकटीले बोलावून सांगतलं. "तू रांडमुंड बाई. दीर तुले खाऊन टाकतील. अंगठा दे, तुझा हिस्सा तुझ्या नावावर करून देतो." मायले ते खरं वाटलं. तिनं घरात कोनाले सांगतलं नाही. तिथंच आमी बुडालो.

पेरनीच्या दिवसात देशमुखाची औतं शेतात शिरली. मोठा बा आडवा झाला. कारभाऱ्यानं त्याले कागद दाखवला, "तुमच्या घरानं शेत इकलं." मोठा बा पटवाऱ्याकडं पळत गेला. त्यानं हात जोडले, म्हनला, तिनं इकला असंल तं तिचा हिस्सा घ्या मालक, आमचा काऊन घेता? पटवारी बोलला, "कागदावर वाटनी कुठं हाय? शेत एक. एकाचा अंगठा लागला म्हंजे समद्यायचा लागला."

काकानं आमची चूल उचलून बाहेर फेकली. मोठा बा मायले जे बोलला ते मी तोंडातून काढनार नाही. माय मंग त्याच शेतात कापूस येचाले जाय. रोजानं. बाप्पा, सासऱ्यानं तोडलेल्या रानात रोजानं! अन् भाकर थापताना ती उजवा अंगठा वर उचलून धरे. पिठाले लागू देत नसे. मी एकदा इचारलं, "काऊन वं माय?" म्हने, "त्याले जोडा लागला हाय." मरेपर्यंत ती चार बोटायनंच भाकर थापत गेली.

माझं लगन बाजारहत्नूरकडच्या गावात झालं. तिथंबी तेच रडगानं, तिथंबी एक देशमुख अन् एक पटवारी. सासरा मेलेला, शेत सासऱ्याच्या नावानं. माझा नवरा अन् धाकटा दीर मिळून वाहत. मी नवी नवरी, डोळ्यापर्यंत पदर. शेत सासऱ्याच्या नावानं हाय हे समजलं तवा मी पयलेच इचारलं, "अंगठा कोनी मांगला का?" नवरा हसला, "आत्ता कुठं आली अन् अंगठा मांगून राह्यली!" मी हसली नाही. मी त्याले मायचं समदं सांगतलं. मंग तोबी हसला नाही.

पुढं मी घरोघर जाऊन सांगाले लागली. आमच्या म्हारवाड्यात जवळपास समदी शेतं मेलेल्या मानसायच्या नावानं. कोनाचं आज्याच्या, कोनाचं पंज्याच्या. मी काही मोठं सांगत नव्हती. एकट्यानं चावडीत जायचं नाही. बोलावनं एकाले आलं तरी समद्या वारसायनं जायचं, म्हातारे-कोतारे, लेकरं, समदे. कागद मोठ्यानं वाचा म्हनायचं. नाही वाचला तं परत यायचं. अंगठा आत घालून मूठ आवळून धरायची. पटवारी सालातून एकदा शिवारात येते, कोन कोनतं शेत वाहून राह्यलं ते लिहाले. त्या दिवशी रोज बुडाला तरी चालंल, पन आपल्या बांधावर उभं राहायचं. मानसं मले हसत. "बाईच्या जातीनं चावडीच्या गोष्टी कराव का वं?" मले मुठवाली म्हनत. म्हना ना. माझं काय जाते?

हळूहळू लोकं ऐकाले लागले. एका साली आमचं घर समदं मिळून चावडीत गेलं. नवरा बोलला, "मालक, बापाच्या जागी आमचं नाव लावा." पटवारी म्हने, "तुझा बाप मेला कशावरून?"

"आमीच पुरला ना त्याले, मालक."

"तुमची साक्ष चालत नाही. गावातल्या चांगल्या मानसाले सांगू द्या, मेला म्हनून."

गावातलं चांगलं मानूस म्हंजे देशमुखाचं मानूस. कोन सांगनार? आमी दारोदार फिरलो. सासऱ्यानं ज्याच्या घरी जनमभर लाकडं फोडली तोबी बोलला, मी कुठं पाह्यलं त्याले मरताना? झालं. आमचा सासरा कागदावर जित्ताच राह्यला. घरी येऊन धाकटा दीर म्हने, "बाबा जित्ता हाय तं सांजच्याले एक भाकर जास्तीची टाका." आमी हसलो. हसता हसता नवरा रडला.

हा दीर लई साधा होता. मले आईसारखा मान दे. त्यालेच देशमुखाच्या मानसायनं धरलं. बिगारीले म्हनून शेतातून उचलून नेलं अन् चावडीत एकटाच बसवला. कागद समोर टाकला. दिरानं मूठ आवळली. मारलं, तरी सोडली नाही. तुमी म्हनसान, जबरीनं काऊन घेतला नाही अंगठा? तालुक्याले अंगठा साफ लागते. आवळलेल्या मुठीतून वढून काढलेला अंगठा फिसकटते. मंग त्यायनं त्याले उन्हात वाकवून उभा केला अन् पाठीवर दगड देल्ला. दिवस बुडेपर्यंत.

सांजच्याले घरी आला. त्यानं मले नुसती मूठ दाखवली. अंगावर ताप चढला तो उतरलाच नाही. दीर गेला.

जाऊ माझ्या अंगावर धावून आली. "बाई, तुझ्या मुठीनं माझं कुकू पुसलं! देला असता अंगठा तं शेतच गेलं असतं ना? मानूस तं राह्यला असता!" खोटं नव्हतं ते. मी खाली मान घालून बसली.

सकाळी मयत अंगनात ठेवलं होतं. नणंद यायची होती, तिची वाट पाहून राह्यलो होतो. तेवढ्यात देशमुखाचा कारभारी आला. म्हारवाड्यात कधी पाऊल न टाकनारा मानूस. कुडाच्या बाहेर उभा राह्यला. मले वाटलं, मानूस मारला त्याची लाज वाटली असंल. कशाची लाज! त्याच्या गड्याच्या हातात कागद होता, दौत होती.

"आंघोळ घालायच्या आधी एक काम हाय," तो जावेले बोलला. "त्याचा अंगठा लावून दे यावर. कागद मांगच्या तारखेचा करतो. तुझ्या लेकरायले सालभराची जवारी घरपोच येईल."

मी मयताच्या उशाशी बसली होती. दिराचा हात पाह्यला. जित्तेपनी आवळलेली मूठ मेल्यावर सुटली होती. बोटं मोकळी, अंगठा मोकळा. दाबला असता तं कसा साफ उमटला असता! मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला अन् म्हनलं, "नाही."

कारभारी म्हने, "तुले कोन इचारते? बायको हे हाय त्याची."

खरंच होतं. मानूस जावेचा. लेकरंबी तिची, अन् रातची उपाशी होती ते. जाऊ उठली. माझ्याकडं अशी पाह्यली की मी जमिनीत गेली असती तं बरं झालं असतं. जवळ आली अन् माझा हात तिनं झटकून टाकला. मी मनात म्हनलं, गेलं. अन् जाऊ दे, तिले कोन्या तोंडानं अडवू?

जाऊ खाली बसली. लुगड्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला. दिराचा अंगठा तिनं आत दुमडला, वरून चारी बोटं दाबली अन् त्या चिंधीनं मूठ बांधली. गुंडाळत गेली, गुंडाळत गेली, गाठीवर गाठ मारली. गाठी दातानं आवळल्या. मंग दुसराबी हात बांधला. अन् कारभाऱ्याकडं पाहून बोलली, "मालक, उमटवा आता."

मायची गोष्ट मी तिले कधी सांगतली नव्हती. तरी शब्द मायचेच निघाले. कारभारी उभाच राह्यला. मयताले त्याले का त्याच्या गड्याले शिवायचं नव्हतं, अन् आमच्यातलं कोनी त्याच्यासाठी हात लावनार नव्हतं. थुंकून निघून गेला. आमी दिराले मूठ बांधूनच पुरला.

म्हंजे आमी जिंकलो म्हनता? कुठं! दुसऱ्या साली ओढ्याकडचा काळा पट्टा देशमुखानं अंगठ्याबिगर घेतला. मानसं आनली, काट्याचं कुंपन घातलं, झालं. नवऱ्याचा हात मोडला त्या दिवशी. तालुक्याले गेलो तं म्हने, शेत ज्याच्या नावानं त्याले आना. कुठून आनू सासऱ्याले? बाकी घरायनं एक-एक करत अंगठे देल्ले. भुकेनं देल्ले, मारानं देल्ले. त्यायले मी शिव्या देत नाही. जाऊ माझ्याशी कामापुरतीच बोलते. तिचं बरोबर हाय.

निजाम गेला. चावडीवर दुसरा झेंडा लागला. आमच्या उरलेल्या तुकड्यावर आजून मेलेल्या सासऱ्याचंच नाव हाय. मुलगा म्हन्ते, "माय, कागद नाही तं काही खरं नाही. आज ना उद्या हेबी जाईल." जाईल. मले समजते ते. मी काही येडी नाही.

पन ते माझ्या अंगठ्यानं जानार नाही. त्यायले कुंपन घालावं लागंल, हात मोडावे लागतील, गावासमोर चोरी करावी लागंल. आमी इकलं, हे कागदावर कवाच येनार नाही.

आमच्या घरात आता कोनी मेलं म्हंजे पयले मूठ बांधतात. माझीबी चिंधी मी काढून ठेवली हाय, मायच्या लुगड्याची. लेकरायले सांगून ठेवलं. माझा जीव गेला की नणंदा-भावजयायची वाट पाहू नका, आंघोळ घालू नका, तोंडात पानी घालू नका. आधी माझी मूठ बांधा. रडायचं ते मंग रडा.