सतरा नंबरचा सदरा

"हे धुणं कोणी वाळत घातलं इथं?"

सर म्हणाले आणि हॉल हसला. मीही हसले. भीतीनं.

धुणं म्हणजे माझ्या अब्बांचा सदरा. मी यवतमाळात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वर्गानं निसर्ग आणि पर्यावरणावर प्रदर्शन लावलं होतं. निवड आमची, मांडणी आमची. अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडे. एक नंबर मोर. दोन नंबर वाघ. तीन, चार, पाच पळस. सतरा नंबर माझा. दांडीवर टांगलेला सदरा, पाठ समोर. पाठीवर पंपाच्या आकाराचा विटका चौकोन.

अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. दुरुस्त केलेला पंप पाठीवर घेऊन चालवून पाहायचे, गळतो का ते. बहुतेक गळायचाच. तळाशी औषध उरलेलं असायचं. त्या वर्षांत कपाशीवरची अळी हटत नव्हती, फवारे वाढत होते, म्हणून पंपही वाढले. सदरा तेवढ्या जागी विरला. खालची कातडीही.

वर्गानं हात वर करून तो निवडला होता. आता सगळे जमिनीकडे बघत होते.

"निसर्ग म्हणजे काय, ते तरी समजून घ्या," सर म्हणाले. "ज्याच्या घरी जे असतं तेच तो आणतो. वास येतोय त्याला. पाहुणे अकराला येतील. काढ ते. आणि यादीतून सतरा खोड."

पाहुणे म्हणजे फवारणीचं औषध विकणाऱ्या कृषी केंद्राचे मालक. पडदे, चहा, छापील निमंत्रणं, सगळं त्यांचं. अब्बांची टपरीही त्यांच्याच दुकानाच्या ओट्यावर. सरांना ते माहीत होतं.

मी सदरा काढला. घडी घातली. पेन उघडलं. टोक सतरा आकड्यावर नेलं. डोळ्यांपुढे रस्त्यावर फेकलेली अब्बांची अवजारं दिसत होती.

मग यादीच्याच पानावर, अगदी वर, माझ्याच अक्षरातली ओळ दिसली. सरांनी पहिल्या दिवशी लिहून घेतलेली. खाडाखोड केल्यास बाजूला सही करावी.

"सर, तुम्ही खोडा. बाजूला सही करा."

"काय?"

"नियम तुमचाच आहे. मी नाही खोडणार."

मी पेन पुढे धरलं. त्यांनी पेनाकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही.

"फार शहाणी झालीस," म्हणाले आणि पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

मी सदरा परत टांगला. शेजारची मैत्रीण कानात म्हणाली, "कायले नादी लागतं वं? टपरी जाईन तुह्या बापाची."

"माहीत आहे."

पाहुणे यादी हातात धरून फिरले. सतरापाशी थांबले. पाठीवरचा चौकोन बराच वेळ पाहत राहिले.

"हा आपल्या पंपवाल्याचा हाय काय?"

"हो. माझे वडील आहेत." भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले.

"उद्या दुकानावर ये म्हना बापाले."

आठवड्यात टपरी गेली. अब्बा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा एवढंच विचारलं, "माझा सदरा आणला का परत? तोच एक बरा होता." मी दिला. त्यांनी तो घातला आणि काम शोधायला पांढरकवड्याला गेले.

आज सरकारी दवाखान्यात यादी करणं हीच माझी नोकरी आहे. फवारताना विष चढलेल्यांची नावं माझ्या रजिस्टरात असतात. औषध विकणाऱ्यांपैकी कोणीतरी टेबलाशी येऊन वाकतो, हळूच म्हणतो, मॅडम, हे एक नाव काढा. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही.

मी रजिस्टर त्याच्याकडे फिरवते. वर पेन ठेवते.

खोडायचं तर तुम्ही खोडा. बाजूला सही करा. माझ्या हातून होणार नाही.