न्हा त्रांगच्या बाजारात घेतलेली केळी

आमच्या गावात केळं विकत घेणं ही लाजेची गोष्ट होती. रावेरकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात घरटी बाग. ज्याला बाग नाही तो दुसऱ्याच्या बांधावर नुसता उभा राहिला तरी बागवाला त्याच्या हातात फणी ठेवायचा. केळ्याचे पैसे घ्यायचे ते बाहेरच्या व्यापाऱ्याकडून. गावातल्या माणसाने केळं विकत घेतलं तर त्याच्या घरी काहीतरी बिनसलं असंच लोक धरायचे.

म्हणून मी परदेशी निघालो तेव्हा आबांनी रावेर स्टेशनावर मला एकच गोष्ट बजावली.

"तठी काही बी खाय, पन केयं इकत घेऊन खाऊ नको. लोकं काय म्हनतीन? बापाच्या बागीत काही पिकत नाही वाटते!"

मी हो म्हणालो. आबांना मी शब्द दिला, असं मी तेव्हा अगदी मनापासून मानलं.

मी परदेशी कसा गेलो हे सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. धुळ्याला देवपुरात थोरल्या अक्काकडे राहून इंटरपर्यंत शिकलो आणि जोडीला टायपिंगचा वर्ग केला. त्या सुमारास व्हिएतनामात लढाई थांबून तह झाला होता. तो नीट पाळला जातो का, कुठे चोरून शस्त्रं उतरतात का, हे बघायला तीन देशांची माणसं नेमली होती. त्यांत आपला देश होता. टायपिस्ट हवे होते. मी अर्ज केला, आणि कुणाच्या तरी चुकीने असेल, मला घेतलं. एक वर्ष जाऊन यायचं आणि मग बी.ए. पुरं करायचं असं ठरलं.

प्रवासाच्या बाबतीत मी स्वतःला जरा हुशार समजत असे. रावेरहून धुळ्याला जाताना भुसावळला आणि चाळीसगावला गाडी बदलावी लागे, आणि मी दोन्हीकडे खिडकी मिळवत असे. असल्या माणसाला जगात कुठेही अडचण येणार नाही, असं मला खरंच वाटायचं.

माझी नेमणूक न्हा त्रांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात झाली. तोवर मी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. इथे पलीकडचा काठच नव्हता. आणि त्या पाण्यात माणसं चक्क गोल टोपल्यांत बसून हिंडत होती. आपल्याकडे कापूस वेचायला जशी टोपली नेतात तशीच, फक्त आत माणूस मावेल एवढी. पहिल्या दिवशी मला वाटलं हा काही अपघात आहे, आणि मी किनाऱ्यावरून ओरडलोसुद्धा. टोपलीतल्या माणसाने हसून हात हलवला.

आमच्या तुकडीत जीप चालवणारा दोंडाईच्याचा एक फौजी होता. वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणे. तो मासे खाणारा, त्यामुळे तिथे मजेत. माझे मात्र हाल झाले. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. आमचा डाळ-आट्याचा शिधा सायगावहून विमानाने यायचा. एका आठवड्यात वादळ झालं आणि विमान आलं नाही. तिथला आचारी फार प्रेमळ माणूस. पानावर बसलेल्या माझी दशा बघून तो दर वेळी माझ्या कोऱ्या भातावर माशाच्या पाण्याची धार सोडायचा, आणि मी काय म्हणतो याकडे हसत बघत राहायचा. तीन दिवस मी पाण्यावर आणि बिस्किटांवर काढले.

चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, "चाल बजारमां. केया शेतस तठे, ढीगना ढीग."

"केळी मला घेता येत नाहीत," मी म्हणालो आणि आबांची गोष्ट सांगितली.

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. "उपाशी मरशी, पन केया इकत नही लेवाव! घे तू. मीच तुना बापले कागद लिखसू."

हे तो थट्टेने म्हणाला, पण मला ते खरंच वाटलं.

बाजारात एका बाईपुढे केळ्यांचे घड रचलेले होते. आखूड, जाड, पातळ सालीची केळी. बाई आमच्या अक्काच्या वयाची, डोक्यावर शंकूसारखी टोपी. मला एक युक्ती सुचली. आपल्याकडे बांधावर उभं राहिलं की फणी मिळते. मग इथेही नुसतं उभं राहून बघावं. मी उभा राहिलो. बाईने बघितलं, मीही बघितलं. उगाच उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि एका घडाला किती फण्या आहेत ते मोजून लिहू लागलो. आबांना कळवता येईल असं मनात होतं.

बाईचा चेहरा उतरला. तिने माझ्या दंडावरची आमच्या तुकडीची पट्टी पाहिली, मग रस्त्यावरची आमची पांढरी जीप पाहिली, आणि पुढचा घड उचलून खाली काही नाही हे मला दाखवलं. मग दुसरा. मग तिसरा. मग टोपल्या पालथ्या केल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने न सांगता आपले नारळ बाजूला सारले. त्याच्या पलीकडचीने सुक्या माशांचं गोणपाट झटकलं.

मागे गर्दी जमली होती. तिच्यातून भाऊचा आवाज आला. "काय तपासी ऱ्हायना रे भो? बठ्ठा बजार गोया व्हयी गया!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केळ्यांखाली बंदुका शोधायला मी आलो आहे असं त्या बाईला वाटत होतं. एक पोलीसही पुढे येऊन तिला काहीतरी दरडावून विचारू लागला. ती हात जोडून बोलत होती. माझ्यामुळे.

मी नको नको म्हणून हात हलवले. त्याने पोलीस आणखीच चिडला. आता एकच गोष्ट करण्यासारखी होती. मी सर्वांसमोर पाकीट काढलं, बाईने बोटांनी सांगितले तेवढे पैसे दिले, एक फणी उचलली आणि तिथेच उभ्याउभ्या एक केळं सोलून तोंडात घातलं. मग दुसरं. तिसऱ्याला पोलीस हसला. पाचव्याला बाई हसली. सातव्याला भाऊ म्हणाला, "बस कर, समजनं त्यास्ले."

केळी गोड होती. आमच्या बागेतल्या बसराई केळ्यांपेक्षा गोड, हे लिहायला अजून जड जातं.

रात्र व्हायच्या आत मी आबांना पत्र लिहिलं. भाऊने कळवण्याआधी आपणच कळवावं. सगळं खरं लिहिलं आणि माफी मागितली. आबांना लिहिता येत नव्हतं. महिन्याभराने शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. मजकूर थोडकाच होता: सर्व खुशाल, विहिरीला पाणी बरे आहे, तुझे पत्र मास्तरांनी आधी घरी व मग चावडीवर वाचून दाखवले, चावडीवर विकत घेतल्याची ओळ मी वाचू दिली नाही. सरकारने तुला त्या देशाची केळी तपासायला धाडले आहे, असे लोक समजून चालले आहेत. काही बोलू नको.

वर्षाने मी गावी परतलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन बागवाले दाराशी येऊन बसले होते. मी त्यांच्याबरोबर गेलो, घडांखाली वाकून बघितलं आणि मान डोलावली. माझ्यामागे आबांनीही डोलावली. तिघांनी एकेक फणी हातात ठेवली. कुणीच पैसे मागितले नाहीत.