बांधीतलं गाणं

रोवणीच्या दिवसांत मला आभाळ पायाखाली दिसतं. धानाच्या बांधीत पाणी भरलेलं, आम्ही बायका वाकून रोपं लावत ओळीने मागे मागे सरकतो आणि ढग बोटांच्या फटींतून निघून जातात. दुपारपर्यंत आपण जागे आहोत की झोपेत, तेही कळेनासं होतं. मग कोणीतरी गाण्याची पहिली ओळ म्हणते आणि दुसरी सगळी रांग मिळून म्हणते.

पहिली ओळ बहुधा माझी असते. गाण्यात सासू, भाऊजी, सरपंच, सगळे येतात. बांधीच्या मालकाला तर आम्ही त्याच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं करून नावं ठेवतो, आणि त्याने हसायचं असतं. शेवटच्या दिवशी त्याच्या तोंडाला चिखल फासतो, तेव्हा तो आम्हाला जेवू घालतो. बांधीतल्या गाण्याचा राग धरायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

गेल्या वर्षी आमच्या तलावाची पाळ फुटली होती. आमदार येऊन पाहून गेले. पाळ तशीच राहिली. म्हणून यंदाच्या रोवणीत मी जोडलं,

‘तलावाची पाळ फुटली, पानी गेलं वाहून’

आणि रांगेला पुढचं शिकवलं,

‘आमदार आला बाई, गेला फोटो काढून.’

मत आपण दिलं, तर आमदारही आपलाच माणूस, तोही हसेल, असं मला खरंच वाटलं होतं. रांगेतल्या एका पोरीने मोबाईलवर गाणं घेतलं. संध्याकाळी ते पार सिहोरा गावापर्यंत पोचलं होतं. पोरगी बिचारी हौसेनेच पाठवून बसली होती.

मोबाईलमध्ये मात्र बांधीची रीत चालत नाही. गाण्याखालच्या शिव्यांत माझा बाप, माझी जात, माझं चारित्र्य, सगळं निघालं. पाळीबद्दल एकानेही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमदारांची चार माणसं अंगणात आली. चहा प्याली, गोड बोलली.

“वहिनी, माफीचा व्हिडिओ बनवून द्या. दोन शब्दच त बोलाचे हायेत.”

“पाळ बांधली काय?” मी विचारलं.

नवरा कपबशा उचलून आत गेला. मी माफी मागितली नाही. त्यात धाडस काही नव्हतं, मला नुसता संताप आला होता.

मग आमच्या टोळीची म्होरकी आली. माझ्या लग्नापासून मी तिच्या शेजारी रोवते. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, “तू ये बाई रोवण्याले. पन गाणं नोको म्हणू. आमच्या घरचे रागवून राहिले.”

हे मात्र लागलं. मी गेले, गप्प रोवत राहिले. रांगही गप्प होती. पाण्यात ढग होते, पण मला ते नुसते ढगच दिसत होते.

शेवटच्या दिवशी मालक धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बराच वेळ वाट पाहिली त्याने. मग जरा खट्टू होऊन म्हणाला, “काहून वो, यंदा मले कोनी नावं नाही ठेवून राहिलं? मायं काही चुकलं का?”

मी डोकं वर केलं नाही. तोंडातून आलं ते मालकाचं गाणं नव्हतं.

‘तलावाची पाळ फुटली, पानी गेलं वाहून...’

एवढंच. यात कोणाचं नाव नव्हतं. पुढची ओळ माझी नव्हतीच, ती रांगेची होती. रांगेत फक्त चिखलातून पाय निघाल्याचा आवाज. ढग माझ्या हाताखालून पार गेला. मला वाटलं, संपलं.

मग शेजारून म्होरकीचा घोगरा आवाज आला, ‘आमदार आला बाई...’ आणि सगळ्या रांगेने ते पुरं केलं.

मी वाकलेलीच होते, म्हणून माझं रडणं फक्त पाण्यात दिसलं.