सायकलींना लटकलेल्या घागरी

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागंना, म्हणून लिहायलोय.

लातुरात आमच्या चौकात भाड्याच्या सायकलींचा स्टँड आहे. सध्या गावभरच्या सायकली तिथंच गोळा होतात, कारण पाण्याचा टँकर तिथंच येतो अन् लोक सायकलीवरच घागरी आणतात. बाकीचे स्टँड रिकामे. आज मोबाईलच्या सायकल ॲपवर भरपूर सायकली मोकळ्या दिसल्या म्हणून गेलो, तर प्रत्येक हँडलला घागर. म्हणजे पाण्यासाठी नंबर लागलेला. हे ॲपला कळत नाही, आपल्याला कळतं.

तिथं शेजारचे शिवाप्पामामा लाडवांची पिशवी घेऊन तळमळत उभे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात पाणी नाही म्हणून आज परत सासरी, नांदेडला निघाली. मायलेकी बसस्टँडवर पुढं गेलेल्या, मामा टँकरसाठी मागं थांबलेले. आता बस सुटायला आली अन् रिक्षा एक दिसंना.

"मामा, एक घागर खाली ठेवा अन् घ्या सायकल."

"न्हाई बाबा. पाण्याचा नंबर कुणी मोडतंय का?"

मीच हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. "नको. पोटातल्या लेकराला कुणाची हाय लागंल."

पायीच गेले. परत आले तेव्हा पिशवी तशीच हातात होती.

"गेली?"

"गेली."

टँकर काही आलाच नाही. सायकली दिवसभर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

खरं सांगा, तुम्ही काढली असती ती घागर?