आधी स्वतःच्या गळ्यात

साजवाले काका कुत्र्याचा कुठलाही पट्टा विकण्याआधी स्वतःच्या गळ्यात घालत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "ओढा." मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा सत्तरीचा एक माणूस पांढऱ्या सदऱ्यावर लाल पट्टा अडकवून स्टुलावर बसला होता आणि पंडरीच्या कापडबाजारातला कुणी व्यापारी अवघडून त्याची दोरी धरून उभा होता. मला वाटलं, दोघांपैकी एकाचं डोकं फिरलेलं आहे. मी तशीच परत फिरणार होते, पण उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि दुसरं दुकान शोधायची ताकद नव्हती.

दुकान रायपूरच्या गोल बाजारात, भांड्यांच्या गल्लीच्या टोकाला. खरं काम लग्नाच्या घोडीच्या साजाचं. लगाम, झूल, गोंडे लावलेले पट्टे भिंतभर टांगलेले असत. घराणं जिनगरांचं. "भोसल्यांच्या घोड्यांसंगं आलो आमी रायपूरले," असं काका सांगत, जणू मागच्या आठवड्यातच सामान उतरवलं. आता वरातीत घोडीऐवजी मोटार येऊ लागली, तशी त्यांनी कुत्र्यांच्या पट्ट्यांची कामं धरली. घोडीच्या साजातून हातात आलेलं कसब कुत्र्यांवर वापरत होते, एवढंच.

माझी अडचण सरळ होती. आमचा बंड्या, तीन वर्षांचा लॅब्राडोर, बत्तीस किलो. चौबे कॉलनीच्या बागेजवळ त्याला मांजर दिसलं, त्याने हिसका दिला आणि मी त्याच्या मागे आडवी झाले. मनगट मोडलं. नवरा डॉक्टरकडून आल्यावर चहा पीत शांतपणे म्हणाला, "आता बस झालं. दसऱ्याले भाऊ येऊन राहिला धमतरीहून. त्याच्या शेतावर घेऊन जाईल." माझे दीर शेतावर कुत्री बांधूनच ठेवतात, खांबाला, बारा महिने. मी कुत्र्याचे मुके घेणारी बाई नाही. पण घरात आणलेला जीव स्वतःला सांभाळता आला नाही म्हणून खांबाला बांधायचा, हे मला पटत नव्हतं. दसऱ्याला सहा आठवडे होते. मी डाव्या हाताने फोनवर शोधलं, एकाने सांगितलं, काटेरी साखळी घाला, दोन दिवसांत सरळ होतो.

काकांकडे ती साखळी होती. त्यांच्या मुलाने मागवलेली. लोखंडी कड्या, आतल्या बाजूला बोथट काटे. मी बंड्याचं वजन, मोडलेला हात, सगळं सांगून म्हटलं, "हीच द्या." त्यांनी ती हुकावरून काढली, कॉलर खाली केली, गळ्यात घातली आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"कुत्रं कसं ओढते तुमाले? तसं ओढा."

"काका, काहीतरीच काय. लागेल तुम्हाला."

"मग घेऊन काहून राहिल्या?"

मी हलकं ओढलं. ते हसले. "हा बत्तीस किलो आहे का? हाताले जोर नाही का, बाई?"

मला राग आला. हात दुखत होता, घरात बोलणी खाल्ली होती. मी बंड्या ओढतो तसा हिसका दिला. काका स्टुलावरून थेट गुडघ्यांवर आले. घशातून असा आवाज निघाला की पलीकडच्या भांडेवाल्याने मान वर केली. मी दोरी सोडली. त्यांच्या मानेवर चार लाल ठिपके उठले होते, एकावर रक्ताचा थेंब. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "म्हणजे उपयोग होतो हिचा."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बावन्न वर्षांची, सरकारी कार्यालयात चाळीस माणसांकडून काम करून घेणारी बाई एका म्हाताऱ्याला गुडघ्यांवर आणते आणि वस्तू चालते की नाही हे बघते. स्वतःचं वाक्य ऐकलं तेव्हा मीच गार पडले.

काकांनी साखळी काढून परत हुकाला लावली, माठातलं पाणी प्यायले. चिडले नाहीत. "उपयोग होते ना," ते म्हणाले. "थांबलो तर मी. पन काहून थांबाचं, ते नाही समजलं मले. नुसतं दुखलं." मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "उद्या दुकान उघडाच्या आधी या. कुत्रं नका आणू."

कुत्रं नका आणू, हे ते प्रत्येकाला सांगत. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी सुतळीचा गुंडा हातात दिला आणि बंड्याचं माप मीच घरी घ्यायचं, मापासाठी सुतळीला गाठी कुठे मारायच्या, ते समजावून सांगितलं. मी विचारलं, तुम्ही स्वतः का घेत नाही?

"मले भेव लागते कुत्र्याचा."

शहरभरच्या कुत्र्यांचे पट्टे शिवणारा माणूस आयुष्यात एकाही कुत्र्याला हात लावत नव्हता. "घोडी लात मारते तर आधी कान मागं करते," ते म्हणाले. "कुत्र्याचा काय भरोसा?"

त्या दिवशी सकाळी मी त्यांना बंड्याच्या आधीच्या पट्ट्याचा फोटो दाखवला. ऑनलाइन मागवलेला, महाग, छातीभोवती येणारा, पाठीवर कडी असलेला. काका मोठ्याने हसले. शेजारच्या भांडेवाल्यालाही फोन दाखवला. "अरे बाई, याले तर तुमी टांग्याले जुंपलं. छातीवर भार आला का जनावर जोर लावते. टांगा कसा चालते मग?" सहा महिने मी रोज सकाळी माझ्या कुत्र्याला मला ओढायचा व्यायाम देत होते, हे त्या क्षणी डोक्यात शिरलं. वर त्या पट्ट्याला ऑनलाइन पाच तारेही दिले होते.

मग त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या डाव्या मुठीत दिलं, दुसरं स्वतः धरलं. "आता तुमी बंड्या. चला."

"इथे? बाजारात?"

"बंड्या काय घरात ओढते?"

गोल बाजार नुकता जागा होत होता. शटर वर जात होती, कुणी पाणी मारत होतं. त्या गल्लीतून एक म्हातारा मला दोरीला धरून चालवत होता. त्याने दोरी ताणली की मी न ठरवता मागे झुकायचे. दोनदा, तीनदा, दर वेळी. "पाहा," तो म्हणाला, "मी ओढलं का तुमी बी ओढता. माणूस असो का जनावर, तसंच करते. आता तुमी सांगा, सहा महिने कोण ओढून राहिलं होतं?" मी बंड्याची दोरी घराबाहेर पडल्यापासूनच दोन वेढे देऊन आवळून धरायची, हे मला चांगलं ठाऊक होतं.

नंतर त्यांनी दोरी सैल सोडली. मी पुढे गेले की ते नुसते उभे राहत. बोलणं नाही, हिसका नाही. मी मागे येऊन शेजारी उभी राहिले की चालू लागत. दहा मिनिटांत मी खाली मान घालून त्यांच्या चपलांकडे बघत चालत होते. बांगड्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, "क्या हुआ दीदी, चोरी में पकड़ाई हो क्या?" आणि त्याच वेळी माझ्याच कार्यालयातला एक लिपिक सायकल हातात धरून समोर आला. त्याने मला बघितलं, दोरी बघितली, काकांना बघितलं. "मॅडम?" मी म्हटलं, "उद्या वेळेवर या." पुढचा महिनाभर तो माझ्या टेबलासमोर जरा जपूनच उभा राहायचा.

पट्टा त्यांनी आठ दिवसांत केला. पोळ्याचे दिवस होते, बैलांच्या साजाची गर्दी, तरी केला. पलंगाची असते तशी सुती नवार, काखेत घासू नये म्हणून आतून मऊ चामडं, आणि कडी पाठीवर नाही, समोर छातीवर. कुत्रं जोरात पुढे गेलं की कडी त्याला बाजूला वळवते, तोंड आपल्याकडे येतं. तोही त्यांनी आधी स्वतःच्या छातीला बांधून दाखवला, मी ओढलं, ते गर्रकन माझ्याकडे वळले. आम्ही दोघंही हसलो. "पन हा पट्टा शिकवणार नाही त्याले," त्यांनी बजावलं. "हा तुमाले वेळ देईल. थांबाचं काम तुमचंच." निघताना म्हणाले, "त्रास झाला तर या."

त्रास झाला नाही. म्हणजे पहिले चार दिवस आम्ही गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला पाऊण तास घेतला, बंड्या पुढे गेला की मी खांबासारखी उभी. शेजारीण खिडकीतून विचारायची, "वहिनी, रस्ता विसरल्या का?" पण दोन आठवड्यांत तो पुढे गेला की स्वतःच मागे वळून बघू लागला. प्लास्टर निघालं. दसऱ्याला दीर गाडी घेऊन आले, मागच्या सीटवर पोतं अंथरून. मी नवऱ्याच्या हातात दोरी दिली, म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन या दोघं भाऊ. आवळून धरू नका, एवढंच. वाटेत गाय होती, फटाके फोडणारी पोट्टी होती, मांजरही असावं. वीस मिनिटांनी आले तेव्हा दोरी नवऱ्याच्या दोन बोटांत लोंबत होती. "राहू दे मग," तो म्हणाला. दीर पोतं घडी करून घेऊन गेले.

दोन दिवसांनी मी गोल बाजारात गेले. काम पूर्ण झाल्याशिवाय कळवायला जायचं नाही, ही माझी कार्यालयातली सवय. गल्लीत शिरले तेव्हा दुकान उघडं होतं, स्टुलावर मुलगा बसला होता, डोकं भादरलेलं. मी उभी राहिले. भांडेवाला आतून म्हणाला, "दीदी, काका का तो हो गया. रात को सोए, सुबह उठे नहीं. परसों तेरही हुई।"

मुलाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या उजव्या मनगटाकडे. त्याला मराठी कळतं, बोलत नाही. "आप वो हाथ टूटे वाली मैडम हो क्या?" तो म्हणाला. "पापा रोज पूछते थे, वो मैडम आईं क्या। कुत्ता खींचना छोड़ा क्या?"

मी म्हटलं, "हव. सोडलं त्याने."

त्याने मान हलवली. एवढं सांगायला मी महिना लावला होता.